चंदाच्या नावाचा दिवा

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — देवापुढे उभा राहिलो तरी मी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगतोय, असंही नाही. का सांगतोय, हे मलाच नीट उमगलेलं नाही. आज कार्तिक पौर्णिमा आहे. आत रेखा, माझी बायको, दिव्यांसाठी कणीक मळते आहे, आणि मला घरात कुठं बसावं ते सुचत नाही. म्हणून हा कागद पुढे ओढला.

मी नाटकं लिहितो. पुण्या-मुंबईची नव्हेत, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतली. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. पाळणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि दिवस मावळला की सगळं गाव चादरी-पोती घेऊन नाटकाला बसतं, ते उजाडेपर्यंत. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. साकोलीला घर करून राहिलो त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा जन्म एकोडीच्या पलीकडच्या एका लहान गावातला, आणि जे सांगायचं आहे ते तिथलंच आहे. सांगतो — पण सरळ तिथं जाता येत नाही मला. थोडं वळसा घालून जाऊ द्या.

माझं सगळ्यात जास्त चाललेलं नाटक आहे, 'थांब चंदा, मी येतो'. नाव भडक आहे, ठाऊक आहे. भडक नाव नसलं तर आमच्याकडे पोस्टर कुणी वाचत नाही. त्यात माधव नावाचा एक माणूस आहे, केस पांढरे झालेला. तरुणपणी त्याचं चंदावर प्रेम होतं. तिच्या बदनामीची गावभर कुजबुज झाली आणि तिनं तलावात उडी घेतली. माधव तेव्हा नोकरीच्या इंटरव्ह्यूला नागपूरला गेलेला. आता म्हातारपणी तो गावाच्या थांब्यावर एकटा बसलेला असताना एक लाल गाडी येते. तिच्या पाटीवर गावाचं नाव नसतं. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं? माधव म्हणतो, मागं. आणि गाडी त्याला त्याच्या तरुणपणात नेऊन सोडते. तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, धावत सुटतो आणि चंदाचा पाय पाण्याकडे पडायच्या आत तिचा हात धरतो. अर्धी गाडी प्लायवूडची केली आहे, तिचे दिवे मोटरसायकलच्या बॅटरीवर लागतात. ती गाडी विंगेतून पुढे सरकली की पोरं शिट्ट्या मारतात. आणि हात धरला की बायका पदर डोळ्याला लावतात.

मीही विंगेत उभा राहून रडतो. दर प्रयोगाला. ते रडणं नाटकी नसतं, हे सांगून ठेवतो — कारण त्यातच सगळी गोम आहे.

एकदा प्रयोगानंतर माझा सत्कार होता. शाल, नारळ, हार, सगळं. माइक हातात असलेल्या माणसानं मला विचारलं, "सर, हे तुमच्या जीवनात घडलेलं आहे काय?" मी थांबलो. शपथेवर सांगतो, नाही म्हणण्यासाठी शब्द शोधत थांबलो होतो. पण माइकसमोर नाटकवाला थांबला की लोक त्यातून काय घ्यायचं ते घेतात. समोरची गर्दी चिडीचूप झाली. कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. मी मान खाली घातली. झालं. त्या दिवसापासून मी 'ज्याची चंदा पाण्यात गेली तो लेखक' झालो. नाटकाला गर्दी वाढली. मी खोटं बोललो का? मी तर एक शब्दही बोललो नाही. एक शब्दही न बोलता खोटं कसं बोलायचं, ते मला तेव्हा नवीन नव्हतं.

गावातले जुने लोक म्हणाले असतील, आपल्या तलावात तर अशी कोणी पोरगी बुडाली नाही. पण मग त्यांनी ठरवलं, कॉलेजातली असेल, साकोलीकडची. लोक अशी भर आपणहून घालतात. तुम्हाला फक्त गप्प राहायचं असतं.

रेखा तुमसरकडची. तिला माझ्या गावचं जुनं काही ठाऊक नव्हतं. सत्काराची बातमी तिच्या कानावर आली तेव्हा तिनं मला एक अक्षर विचारलं नाही. मी मनात धास्ती घेऊन होतो, भांडेल, रुसेल, निदान टोमणा तरी मारेल. काही नाही. त्या वर्षी कार्तिक पौर्णिमेला आम्ही तलावावर दिवे सोडायला गेलो. तिच्या वडिलांचा एक, माझ्या आईचा एक. आणि ताटात कणकेचा तिसरा दिवा. मी विचारलं, हा कुणाचा?

"तिच्या नावाचा," ती म्हणाली. "पाण्यात गेली बिचारी. तिले उजेड नको काय?"

आणि पदर खोचून ती पायऱ्या उतरली, गार पाण्यात हात घालून तिनं तो दिवा पुढे ढकलला, आणि तो दूर जाईपर्यंत हात जोडून उभी राहिली. त्यानंतर एकही वर्ष तिनं चुकवलेलं नाही. तापानं फणफणलेली असतानाही नाही.

आता ऐका. चंदा बुडाली नाही. कुणीच बुडालं नाही. जिच्यावरून मी चंदा लिहिली ती जिवंत आहे. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तिनं संसार केला, मुलं मोठी केली. माझी बायको दरवर्षी एका जिवंत बाईसाठी मेलेल्याचा दिवा सोडते, आणि मी बाजूला उभा राहून टॉर्च धरतो.

तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. तुम्ही म्हणाल, सभ्यपणा आहे. सभ्यपणा नाही. जुनी सवय आहे. ती सवय कशी लागली, तेच सांगायचं आहे.

त्या वेळी मी कॉलेज सोडून घरची शेती बघत होतो, आणि गावच्या नाटक मंडळात प्रॉम्प्टर होतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, प्रॉम्प्टर म्हणजे कुणी शब्द विसरलं तर आठवण करून देणारा. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे पाठांतर कुणी करतच नाही. दिवसभर धान कापून आलेली माणसं पाठांतर कधी करणार? प्रॉम्प्टर विंगेत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं नाटक वाचतो. एक ओळ तो म्हणतो, तीच ओळ पात्र मोठ्यानं म्हणतं. पुढच्या रांगांना दोन्ही ऐकू येतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बायकांच्या भूमिकेला वडशाच्या नाटक कंपनीतून कलाकार यायची. ती नाटकाच्या दिवशीच यायची, तोंड रंगवायची आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभी राहायची. गावातली पोरगी स्टेजवर? ते कुणाच्या मनातही यायचं नाही.

ती साकोलीला कॉलेजात जायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. दुपारच्या गाडीनं परतायची, थांब्यावर ठेवलेली सायकल घ्यायची, आणि तलावाच्या पाळीवरून हातात धरून चालत यायची. वर चढून बसत नसे, कारण पाळीच्या खालीच आमच्या बांध्या होत्या आणि मी तिथं धानाच्या राखणीला असे. माझ्याजवळ नाटकाचं पुस्तक असे. तिनं एकदा ते मागितलं आणि उभ्या उभ्या चार ओळी म्हणून दाखवल्या. काय सांगू तुम्हाला — ते शब्द मी शंभरदा वाचले होते, पण ते कुणी खरोखर म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

मग रोजचं झालं. मी नायकाचं वाचायचं, तिनं नायिकेचं म्हणायचं. आता विचार करतो तर आम्ही एकमेकांशी स्वतःचं असं फारसं बोललोच नाही. 'तुमच्याशिवाय हा जन्म मला नको' हे तिनं मला म्हटलं ते नाटकातलं, आणि 'जग विरोधात गेलं तरी मी तुझा हात सोडणार नाही' हे मी म्हटलं तेही नाटकातलंच. पण म्हणताना दोघांनाही माहीत होतं, कोण कुणाला म्हणतंय. नाटकाबाहेरचं एकच बोलणं मला लख्ख आठवतं. तिनं विचारलं होतं, "तू प्रॉम्प्टर काहून झाला? हिरो काहून नाही?"

"हिरोले सारे पाह्यतेत," मी म्हणालो. "प्रॉम्प्टरले कोणी पाह्यत नाही."

ती हसली होती. मीही हसलो होतो. मला ते फार हुशारीचं उत्तर वाटलं होतं.

आम्ही कुणबी, ते बौद्ध. आमचं घर मारुतीच्या देवळामागे, त्यांचं विहाराजवळ. मंडळाचे अध्यक्ष माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. त्यांच्या एका खाकरण्यानं आमच्या घरातली भांडी वाजायची थांबत. इतकं सांगितलं म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच. कळलं असेल, तरी मला सांगू द्या. कळणं वेगळं आणि माझ्या तोंडून निघणं वेगळं.

त्या वर्षी मंडईच्या दिवशी वडशाची बाई आलीच नाही. मैदान भरलेलं. पाहुणे बसलेले. मोठे बाबा घामाघूम. मीच म्हणालो, एक जण आहे, करू शकेल. मी बायकांच्या बाजूला गेलो आणि तिला म्हणालो, चल. ती आधी नाही म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते बांधकामावर जाणारे साधे गृहस्थ, नाटकाचे मोठे शौकीन. त्यांनी मान हलवली. आणि त्या वेळी मंडळातल्या एकाचीही हरकत नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मोठे बाबा स्वतः म्हणाले, "चालते, चालते. गावाची इज्जत राहू दे."

ती उभी राहिली आणि बोलू लागली. पहिल्या दोन ओळी मी वाचल्या. तिसरीला कळलं, तिला माझी गरज नाही. मी थांबलो. पुस्तक मांडीवर पडलं आणि मी नुसता ऐकत बसलो. नायक माझ्या तोंडाकडे बघून अडखळत बोलायचा, आणि ती, एका शब्दाला न अडखळता, थेट त्याच्याकडे बघून. असं नाटक गावानं कधी पाहिलं नव्हतं. लोक म्हणाले, कमाल आहे. त्यातच घात झाला. मी तिला सांगायला हवं होतं, मधे मधे अडखळ, विंगेकडे बघ, मी वाचतो ते ऐकल्यासारखं कर. नाहीतर निदान आपण वाचत राहायचं होतं. ते मला सुचलंच नाही. मी ऐकत होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ तो होता, हेही खरंच आहे.

पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी ते टिपलं. पोरगी बोलायला लागली की प्रॉम्प्टरचा आवाज बंद. म्हणजे पोरीला सगळं पाठ. म्हणजे कुणीतरी करून घेतलं. कुठं? कधी?

सकाळी शाळेच्या पडवीत मंडळ बसलं आणि तिच्या वडिलांना निरोप गेला. ते तिला घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले — त्यांना वाटलं होतं, पोरीचा सत्कार करणार. नारळ देणार. ते हसत पडवी चढले, ते हसणं मला अजून दिसतं.

मोठे बाबा तिला म्हणाले, "बाई, तुह्या कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण हे पाठ कोणापाशी केलं, ते सांग."

ती खाली बघत राहिली. मग एकदा, एकदाच, तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिनं 'सांग' असं डोळ्यांनी म्हटलं नाही, 'सांगू नको' असंही म्हटलं नाही. ती नुसती वाट बघत होती. आम्ही पाळीवर असताना मी एखादी ओळ विसरायचो, तेव्हा बघायची तशी.

तिच्या वडिलांच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आल्यावर ते मोठ्या बाबांशी बोलले नाहीत, माझ्याकडे वळले. "बाबू," ते म्हणाले, "पुस्तक तुह्यापाशी राह्यते. तूच सांग बाप्पा."

केवढी सोपी गोष्ट होती. 'माझ्यापाशी केलं. मीच म्हटलं तिला, स्टेजवर चल.' इतकंच. मोठ्या बाबांनी मला हाणलं असतं. घरातून काढलं असतं, चार दिवसांनी परत घेतलं असतं. मुलगा होतो ना मी. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो —

"मी कोणाचं नाव नाही घेत, काका. मधात दोन दिवस पुस्तक सापडत नव्हतं, एवढंच."

हेच ते. हेच सांगायला इतका वळसा घेतला. पुस्तक एक दिवसही हरवलं नव्हतं. ते रोज माझ्या हातात होतं आणि रोज ती माझ्यासमोर होती.

पुढचं मला बोलावं लागलं नाही. पडवीत कुणीतरी म्हणालं, मग नेलं असेल. दुसरा म्हणाला, न विचारता नेलं म्हणजे काय म्हणायचं त्याला? तिसऱ्यानं ते म्हटलं. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. पोरगी कुणाबरोबर होती, हा प्रश्नच राहिला नाही. आमच्या बाजूच्या कुणाचं नाव घ्यायला नको. चोरी. आणि ती विहाराकडच्या घरातली, म्हणून ती चोरी पटायला कुणाला पुरावाही लागला नाही. हे मला बोलतानाच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तेच वाक्य तोंडात आलं असेल.

तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. कुणासाठी? मला वाचवायला की माझ्याबद्दलचा तिचा सगळा विषयच तिथं संपला म्हणून? मला दुसरं वाटतं. ती वडिलांना म्हणाली, "चाला बाबा," आणि दोघं उतरून गेले.

तिचं कॉलेज सुटलं. थोड्याच दिवसांत तिला जवाहरनगरला मामाकडे पाठवलं, तिथूनच लग्न झालं. शिक्षिका ती झाली नाही. तिच्या धाकट्या बहिणीला शाळेत पोरं 'पुस्तकचोराची बहीण' म्हणायची. आणि तिचे वडील — नाटकाचे एवढे शौकीन — ते मरेपर्यंत दर मंडईला घराला कुलूप लावून सासुरवाडीला निघून जायचे. कुणीतरी कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, मंडईत काही हरवलं तर आपलं नाव नको.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं, की तिच्यावर प्रेमाचा बोल येण्यापेक्षा तो आळ बरा, मी एका परीनं तिला वाचवलंच. हे किती घाणेरडं आहे ते मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं. मी स्वतःला वाचवलं.

आणि मग मी नाटक लिहिलं. आता त्या नाटकाकडे परत बघा. माधव नागपूरला. इंटरव्ह्यूला. पडवीत नव्हताच तो. तिला बदनाम करणारा एक खलनायक आहे, मिशीवाला, त्याला लोक शिव्या घालतात. मी स्वतःला त्या पडवीतून उचलून नागपूरच्या गाडीत बसवलं. आणि तिला पाण्यात का घातली? मी पुष्कळ दिवस म्हणायचो, नाटकाला तेवढा जोर लागतो. तसं नाही. मेलेली मुलगी बोलत नाही. मेलेल्या मुलीसाठी रडता येतं, जिवंत मुलीची माफी मागावी लागते. म्हणून मी तिला मारली आणि मग दर प्रयोगाला तिचा हात धरून तिला वाचवत राहिलो, लोकांच्या टाळ्या घेत.

इथं थांबलो असतो तरी कबुली झाली असती, नाही का? पण अजून आहे.

गेल्या हंगामात सानगडीच्या मंडईत आमचा प्रयोग होता. रेखा सोबत आली होती. नाटक उजाडता उजाडता संपलं. माणसं प्लायवूडची गाडी सुटी करून ट्रकवर चढवत होती आणि आम्ही दोघं बाजूच्या टपरीवर चहा घेत उभे होतो. तिकडून दोन बाया आल्या. एक अलीकडे थांबली. दुसरी आमच्याकडे आली. साडीवर स्वेटर, चष्मा, केस बरेच पांढरे. मी तोंडावरून ओळखलं नाही. चालण्यावरून ओळखलं. ती अजूनही डावा खांदा थोडा उचलून चालते, हातात सायकल धरल्यासारखी. सानगडीला तिची धाकटी बहीण दिली आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच, मी ते मनाच्या मागे टाकलं होतं.

"नाटक तुमचं काय?" तिनं विचारलं. मला 'तुमचं' म्हणाली.

मी हो म्हणालो.

"चांगलं आहे. गाडी तं मस्तच केली." मग अगदी शांतपणे, "पण ते पोट्टी उडी काहून मारते? मले नाही पटलं."

मी काही बोलायच्या आत रेखा बोलली. मायेनं बोलली. "खरं घडलेलं आहे ना बाई ते. ह्यायच्या ओळखीतली होती. मी दरवर्षी दिवा सोडतो तिच्या नावानं."

तिनं रेखाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तुम्हाला काय वाटतं, तिच्या डोळ्यात राग होता? राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती वाट बघत होती. तीच नजर. पडवीतली, पाळीवरची.

"नाव काय होतं तिचं?" तिनं रेखाला विचारलं, बघत मात्र माझ्याकडे होती.

"आमी चंदाच म्हणतो," रेखा म्हणाली. "खरं नाव हे घेत नाहीत."

"अजूनही नाही घेत काय?"

रेखाला त्या 'अजूनही'तलं काही कळलं नाही. मला कळलं. नाटकात मी कंडक्टरच्या तोंडी एक वाक्य घातलंय — मागं जाणारी गाडी माणसाला एकदाच मिळते. ते माझं वाक्य आहे, त्यावर हमखास टाळी पडते. आणि ती गाडी त्या सकाळी सानगडीच्या टपरीपाशी खरोखर येऊन उभी होती. तीच मुलगी समोर. तोच प्रश्न. ऐकणारं एकच माणूस, तेही माझं. मोठे बाबा केव्हाच गेलेले. मला कुणाची भीती होती? मला फक्त म्हणायचं होतं, 'रेखा, हीच ती, आणि हिनं काही चोरलं नव्हतं.'

मी टपरीवाल्याला म्हणालो, "साखर कमी आहे."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं रेखाच्या दंडावर हात ठेवला. "दिवा सोडता तं सांभाळून उतरत जा, बाई. पायऱ्या घसरत्या असतेत." आणि ती बहिणीकडे निघून गेली. वाटेत ट्रकमध्ये चढवलेल्या त्या अर्ध्या गाडीपाशी ती थांबली, तिचा दिवा बोटानं पुसला, आणि मग दिसेनाशी झाली.

परतताना रेखा म्हणाली, कोण होती हो, मायाळू वाटली. मी म्हणालो, असेल कुणी पाहुणी.

म्हणजे माझी चूक तरुणपणाची नाही. घाबरट वयात झालं, वेळच तशी होती, असलं काही नाही. मला परत तिथंच नेऊन सोडलं तर मी तेच करतो. करून पाहिलं आहे.

एवढं लिहून झालं आणि आता रेखा दारात येऊन उभी आहे, कणकेचे हात तसेच. ताटात तीन दिवे करून ठेवलेत म्हणते. मग थोडी घुटमळली.

"अवो, ते सानगडीची बाई नाव विचारत होती ना," ती म्हणाली. "तवापासून माह्याही मनात येऊन राहिलं. दिवा सोडतो अन् नाव नाटकातलं. तिच्यापर्यंत जाईन काय तो? खरं नाव काय होतं जी तिचं?"

मी लेखणी खाली ठेवली. ती वाट बघत होती.

"चंदाच म्हण," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि वात वळायला आत गेली.